‘उजवी लेन धरा आणि निवांत जा’ हा सल्ला जीवघेणा आहे

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर गाडी कशी चालवावी, हे सांगणारा एक मेसेज सोसायटीच्या, ऑफिसच्या, नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतोय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: डाव्या लेनमध्ये बंद पडलेले ट्रक असतात, मधल्या लेनमध्ये चालते ट्रक असतात, म्हणून कारवाल्यांनी सरळ उजवी लेन पकडावी. काटा 80 ते 100च्या मध्ये ठेवावा आणि लेन बदलूच नये, कारण अपघात लेन बदलतानाच होतात. मागच्याने डिपर मारले तरी हलू नये. आपण मर्यादेत आहोत, घाई त्याला आहे, त्याने डावीकडून जावं. परदेशातही वेगाप्रमाणे ज्याची त्याची लेन ठरलेली असते. आणि कुणी फारच चिकटला तर ब्रेकवर हलका पाय ठेवून त्याला अंतर राखायला शिकवावं.

लिहिणाऱ्याला लोकांचा जीव वाचवायचा असेल, यावर माझा विश्वास आहे. पण या सल्ल्याने उलटंच होईल, आणि तो वाचून नवे चालक घरच्यांना गाडीत बसवून निघतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. एक्सप्रेसवेची डावी लेन त्रासाची आहे. शोल्डर (रस्त्याच्या कडेची थांबायची पट्टी) सोडून लेनमध्येच उभा असलेला ट्रक, मागे इशाऱ्याचा त्रिकोण नाही, टेललाइट धुळीने झाकलेला, हे रात्री अचानक समोर येतं आणि त्यात माणसं मेलेली आहेत. पण त्यातून ‘उजवीकडे राहा’ हे निघत नाही. तीन लेनची वाटणी सरळ आहे: अवजड वाहनं डावीकडे, कार मधे, आणि उजवी लेन फक्त ओव्हरटेकसाठी. रस्त्यावर ठिकठिकाणी तसे फलकही आहेत. म्हणजे डावी लेन टाळायची असेल तर कारसाठी मधली लेन आहेच. तिथे पुढे ट्रक आला की उजवीकडे जायचं, त्याला मागे टाकायचं आणि परत मधे यायचं.

‘पण मग सारखी लेन बदलावी लागेल,’ हा पुढचा आक्षेप. हिशोब करून पाहू. ट्रक 80ने चाललाय, तुम्ही 100ने. फरक ताशी 20 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. त्याच्या मागे 50 मीटरवर असताना बाहेर पडलात आणि त्याच्या पुढे 50 मीटर गेल्यावर आत आलात, तर ट्रकची बारा मीटर आणि तुमची चार मीटर लांबी धरून 116 मीटर जास्तीचे कापायचे आहेत. त्याला 21 सेकंद लागतात आणि तेवढ्यात तुम्ही जेमतेम 600 मीटर पुढे गेलेले असता. आता मधल्या लेनमध्ये पुढचा ट्रक 400 मीटरवर आहे असं समजा. त्याच्या मागे 50 मीटरवर पोचायला तुम्हाला एक मिनिट लागेल आणि पावणेदोन किलोमीटर रस्ता सरेल. एवढा वेळ उजवी लेन अडवून बसायचं कारण काय? ट्रक एकामागे एक, साठ-सत्तर मीटरवर लागून असतील तर मात्र दर वेळी आत-बाहेर करू नये. सगळी रांग एकदम पार करावी. हा फरक चालकाने डोळ्याने ठरवायचा असतो.

अपघात लेन बदलताना होतात हे खरं. न बघता, इंडिकेटर न देता, दोन लेन एका दमात कापताना होतात. पोलीस ज्याला लेन कटिंग म्हणतात ते हेच. आरसा पाहून, इंडिकेटर देऊन, दोन-तीन सेकंद थांबून, मान वळवून आरशात न दिसणारा कोपरा तपासून एका वेळी एकच लेन बदलली, तर त्याला लेन कटिंग म्हणत नाहीत. गंमत म्हणून वळणं घेत जाणाऱ्याला आणि शिस्तीत बाजूला होणाऱ्याला मेसेजने एकाच ओळीत बसवलंय, हे मला सगळ्यात खटकलं.

यातला सर्वात घातक भाग ‘घाई असेल त्याने डावीकडून जावं’ हा आहे. इथे जरा थांबायला हवं.

आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असतं. चालकाच्या अगदी जवळ उजवा आरसा असतो, उजवी खिडकी असते; डावा आरसा गाडीच्या दुसऱ्या टोकाला. ट्रकची केबिन तर जमिनीपासून इतकी उंच असते की डाव्या दाराला चिकटून चाललेली छोटी कार ड्रायव्हरला अजिबात दिसत नाही. क्लीनर शेजारी बसला असेल आणि जागा असेल तर तो ओरडून सांगेल, एवढाच आधार. ओव्हरटेक उजवीकडून करायचा हा नियम यातूनच आलाय: मागून येणाऱ्याने चालकाच्या दिसत्या बाजूने जावं.

आता चित्र बघा. तुम्ही उजव्या लेनमध्ये 85ने, पुढे रस्ता मोकळा. मागून 100ने आलेली कार थोडा वेळ वाट पाहते, मग मधल्या लेनमध्ये जाते. तिथे ट्रक आहे, म्हणून आणखी डावीकडे घुसते, ट्रकच्या न दिसणाऱ्या बाजूने पुढे निघते आणि तुमच्यापुढे येण्यासाठी उजवीकडे कापते. नेमक्या त्याच क्षणी ट्रकवाला पुढचा बंद ट्रक पाहून डावीकडे येत असेल, किंवा तुम्हीच ‘जाऊ दे याला’ म्हणून मधल्या लेनमध्ये येत असाल, तर? त्या कारवाल्याने चूक केली, निर्विवाद. पण ती चूक करायची वेळ रिकाम्या रस्त्यावर हट्टाने उजवीकडे बसलेल्या माणसामुळे आली.

कायदाही इथे धूसर नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 118खाली 2017 साली केंद्राने वाहन चालवण्याचे विनियम काढले. डावी बाजू धरून चालायचं, ओव्हरटेक उजवीकडून करायचा, आणि मागचा ओव्हरटेक करत असेल तर वेग वाढवायचा नाही की त्याला अडवायचं नाही, हे त्यात आहे. पुढचं वाहन उजवीकडे वळायला निघालं असेल अशा मोजक्या प्रसंगी डावीकडून जायला मुभा आहे. 2019च्या दुरुस्तीने कलम 177 ‘अ’ आलं. हे विनियम मोडल्यास 500 ते 1000 रुपये दंड. एक्सप्रेसवेवर आता वेगाबरोबर लेनवरही कॅमेऱ्यांची नजर असते.

‘मी मर्यादेत आहे’ हा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो. पण मेसेज 80ही चालेल म्हणतो, आणि सपाट भागात कारची मर्यादा 100 आहे. म्हणजे मागून 95ने येणाराही मर्यादेतच असतो. शिवाय स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू नये असाच बनवलेला असतो, त्यामुळे काट्यावर 100 असताना गाडी बहुतेक वेळा त्याहून थोडी हळूच धावत असते. मागच्या गाडीत दवाखान्यात न्यायचा पेशंट आहे की नुसता मस्तवाल पोरगा, हे आरशातून कळत नाही. तो मर्यादा मोडत असेल तर त्याला पकडायला हायवे पोलीस आहेत. ते काम अंगावर घ्यायला आपण वर्दीत नाही.

समृद्धी महामार्गावर तर हा सल्ला आणखी चुकतो. नागपूर ते भिवंडीजवळचं आमणे 701 किलोमीटर, कारची मर्यादा 120, आणि मैलोन् मैल रस्ता मोकळा. तिथे 90ने उजव्या लेनमध्ये बसलेल्या माणसाकडे कसलंही कारण नसतं.

उजवी लेन सर्वात सुरक्षित, हेही तपासून घ्या. टायर फुटला तर शोल्डर गाठायला मधे दोन भरल्या लेन. बाजूला दुभाजक, म्हणजे चुकवायला त्या अंगाला जागा शून्य. लोणावळा किंवा तळेगावला उतरायचं असेल तर एक्झिट डावीकडे. उजवीकडे रमलेला माणूस फलक दिसल्यावर शेवटच्या क्षणी तिन्ही लेन आडवा कापतो, नाहीतर एक्झिट हुकल्यावर शोल्डरवरून रिव्हर्स येतो. दोन किलोमीटर आधीच डावीकडे सरकायला लागावं. हुकलीच तर पुढच्या एक्झिटपर्यंत जावं, डिझेल जळेल तेवढं जळू द्यावं.

एक तक्रार मात्र मी पूर्ण मान्य करतो: ट्रकच लेन पाळत नाहीत. बोरघाटात भरलेला ट्रक ताशी 16ने चढतोय आणि 18ने चढणारा त्याला ओव्हरटेक करायला निघतो. दोन किलोमीटरचा फरक. दोघांच्या लांबीचा आणि मधल्या अंतराचा हिशोब केला तर दीड मिनिट ती लेन बंद, आणि तिसरा तेच करायला उजवीकडे आला की अख्खा घाट तुंबतो. ड्रायव्हरची बाजूही आहे: चढावर एकदा गाडी थांबली की भरल्या मालासकट पुन्हा उचलणं कठीण, म्हणून तो गती मोडू देत नाही. तरीही हे चूकच आहे आणि त्यावर कडक कारवाई व्हायला हवी. पण ट्रक उजवीकडे येतात म्हणून कारनेही तिथेच मुक्काम करायचा, याने घाट मोकळा होणार नाही.

परदेशाचा दाखला सरळ खोटा आहे. इंग्लंडमध्ये आपल्यासारखंच डावीकडून चालतात आणि त्यांचा नियम सांगतो की ओव्हरटेक नसेल तेव्हा डाव्या लेनमध्ये राहा. मधली लेन विनाकारण अडवणाऱ्याला 2013पासून तिथले पोलीस जागेवर 100 पौंड दंड आणि लायसन्सवर तीन गुण लावू शकतात. जर्मनीत बाजू उलटी, नियम तोच: ऑटोबानवर ओव्हरटेक संपला की उजवीकडे परत, आणि मोकळ्या वाहतुकीत उजवीकडून ओव्हरटेकला बंदी. लंडन-म्युनिकला राहणाऱ्या आपल्या माणसांना विचारा.

राहिला ब्रेकचा सल्ला. हा कुणीही पाळू नये, हात जोडून सांगतो. 100च्या वेगात गाडी सेकंदाला 28 मीटर जाते. मागचा दहा मीटरवर चिकटलाय आणि त्याला तुमचा लाल दिवा दिसून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद जरी लागला, तरी त्या अंतराला काही अर्थ उरत नाही. त्याच्यामागे बस असेल तर धडा शिकवण्यात बसमधली माणसंही ओढली जातात. कुणी चिकटला तर वेग वाढवू नका, कमीही करू नका. पुढच्या गाडीपासूनचं अंतर थोडं वाढवा, म्हणजे तुम्हाला जोरात ब्रेक लावायची वेळ येणार नाही. चालू असलेला ओव्हरटेक पुरा करा, डावा इंडिकेटर लवकर द्या म्हणजे तुम्ही जागा देताय हे त्याला कळेल, आणि मधल्या लेनमध्ये शंभर-सव्वाशे मीटरची मोकळी जागा दिसताच डावीकडे या.