एकमताने? मी तर विरोध केला होता!

तालुक्याच्या वकील संघटनेचा मी राजीनामा दिलाय. राहते सोलापुरात, प्रॅक्टिस तालुक्याला. गावाचं नाव मुद्दाम घेत नाही. फोनवर तेच ते सांगून कंटाळले, म्हणून इथं एकदाच लिहिते.

एका लहान मुलाच्या खुनाचं प्रकरण. आरोपीला रिमांडला आणलं त्या दिवशी बार रूममध्ये ठराव झाला : याचं वकीलपत्र कोणीही घ्यायचं नाही. संताप मलाही आहे. तरी उभी राहिले आणि म्हटलं, माझा विरोध लिहून घ्या. नंतर इतिवृत्त बघते तर, 'ठराव एकमताने मंजूर'. सेक्रेटरींना विचारलं. म्हणाले, "मॅडम, उगं कशाला वाढवायलाव? बाहेर लोकं किती तापलेत बघितलाव न्हवं?"

बघितलं की. पण असे ठराव बेकायदा आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच ए. एस. मोहम्मद रफी खटल्यात स्पष्ट केलंय. अटक झालेल्याला आपल्या पसंतीच्या वकिलाकडून बचाव करून घ्यायचा हक्क आहे, हे घटनेचं कलम २२(१) सांगतं. ते वकिलांना मी शिकवावं? कसाबलाही वकील दिला होता. फाशी टळली का?

"त्या लेकराच्या आईला काय तोंड दाखवशील?" असं एका ज्येष्ठांनी विचारलं. तिच्यासाठीच तर बोलतेय. १९९७ च्या दिल्लीतल्या बसस्फोटाचा खटला आठवा. साक्षीदारांचा उलटतपास घ्यायला आरोपीला धड वकील मिळाला नव्हता, म्हणून २०१२ साली फाशी रद्द झाली आणि खटला पुन्हा चालवायला लागला. पंधरा वर्षांनी! आपल्या ठरावामुळे उद्या या माऊलीला पुन्हा पिंजऱ्यात उभं राहून सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, तर तोंड कोणी दाखवायचं?

आणि सोलापूरकरांनी तरी हे विसरू नये. चार पुतळ्यापाशी आपण ज्यांना हार घालतो, त्या स्वातंत्र्यलढ्यातल्या चार हुतात्म्यांना इंग्रजांनी १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली, तीही पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून. तुलना करत नाही, तेवढी अक्कल आहे. आरोप आणि गुन्हा यांत अंतर असतं, एवढंच म्हणतेय.

काहींनी काळजीने विचारलं, आता प्रॅक्टिसचं काय? वकिलीची सनद बार कौन्सिलची आहे, संघटनेची नाही. फार तर बार रूममधली खुर्ची जाईल. (पंखा तसाही बंदच असतो.) हे वकीलपत्र माझ्याकडे आलेलं नाही, आलं तर घेईन.

पदाधिकाऱ्यांना एकच विनंती. राजीनामा मंजूर करा नाहीतर राहू द्या, पण इतिवृत्तातलं 'एकमताने' खोडा आणि 'बहुमताने' लिहा.