छोट्या दुर्बिणीने आकाशाचे फोटो निघतात, आणि सुरुवात तिनेच करावी

हौशी आकाशनिरीक्षकांमध्ये एक संदेश सतत फिरत असतो. त्याचा सारांश असा: ‘६०-८० मिलिमीटरची लेन्सची दुर्बीण म्हणजे खेळणं. आकाशाचे फोटो काढायचे तर किमान आठ इंची दुर्बीण घ्या. ती जास्त प्रकाश गोळा करते, वस्तू मोठी दाखवते. शहरातून तर छोटीने काहीच मिळत नाही.’ यावर विश्वास ठेवून अनेक जण वर्षभर पैसे साठवतात, जड दुर्बीण घेतात आणि सहा महिन्यांत ती माळ्यावर चढते. माझीही चढली होती, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी प्रकाशाचा मुद्दा, कारण तो अर्धा खरा आहे. आठ इंची, म्हणजे २०३ मिमी व्यासाची दुर्बीण ६० मिमीच्या दुर्बिणीपेक्षा अकरा पटींहून थोडा जास्त प्रकाश गोळा करते. पण तो प्रकाश कॅमेऱ्याच्या सेन्सरवर किती जागेत पसरतो, हे संदेशात येत नाही. बाजारात सर्रास मिळणाऱ्या आठ इंची श्मिट-कॅसेग्रेन (आरसे आणि काच दोन्ही वापरणाऱ्या) दुर्बिणीची फोकल लेंग्थ, म्हणजे प्रकाश एकवटायला लागणारं अंतर, २०३२ मिमी असते, तर ६० मिमी एफ/६ (फोकल लेंग्थ व्यासाच्या सहा पट) दुर्बिणीची ३६० मिमी. फोकल लेंग्थ वाढली की प्रतिमा मोठी होते, म्हणून मोठीत प्रतिमेचं क्षेत्रफळ जवळपास बत्तीस पट होतं. अकरा वाट्या पाणी बत्तीस ताटांत ओतल्यासारखं हे आहे. छोटीत एक वाटी आहे, पण ताटही एकच. तेजोमेघ (वायू-धुळीचा ढग) किंवा दीर्घिका (अब्जावधी ताऱ्यांचा समूह) अशा पसरट वस्तूसाठी, कॅमेरा तोच असेल तर, छोट्या दुर्बिणीत प्रत्येक पिक्सेलवर पावणेतीन पट प्रकाश पडतो.

‘मोठं दिसतं’ हा मुद्दा तर उलटा पडतो. देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिका आकाशात जवळपास ३ अंश लांब आहे, म्हणजे सहा पूर्णचंद्र ओळीने ठेवावेत तेवढी. कृत्तिकांचा पुंजका सुमारे २ अंश, मृगातला तेजोमेघ अंशभराचा. सर्वसाधारण डीएसएलआर कॅमेऱ्यातल्या एपीएस-सी आकाराच्या सेन्सरवर आठ इंचीतून जेमतेम ०.६ बाय ०.४ अंशाचा तुकडा मावतो. देवयानीचा नुसता गाभा. तोच कॅमेरा ३६० मिमीला लावा, साडेतीन बाय सव्वादोन अंशांहून जास्त आकाश येतं आणि अख्खी देवयानी चौकटीत बसते.

संदेशात ज्याचा उल्लेखच नाही, तीच खरी अडचण आहे: माउंट, म्हणजे दुर्बीण धरून फिरवणारा आधार. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तारे सेकंदाला १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकतात. माउंटने तेवढ्याच वेगाने उलट फिरायचं असतं, आणि स्वस्त माउंटच्या गिअरमध्ये चूक असतेच. ३.७६ मायक्रॉनच्या पिक्सेलला ३६० मिमीवर सुमारे २.१५ विकला आकाश येतं. २०३२ मिमीवर फक्त ०.३८. म्हणजे जी चूक छोट्या दुर्बिणीत दोन-तीन पिक्सेलांत विरते, ती मोठीत दहा-पंधरा पिक्सेलांची रेघ होते. माझ्या पहिल्या हिवाळ्यातल्या सगळ्या फोटोंत ताऱ्यांऐवजी अळ्या होत्या. मोठी दुर्बीण हलवायला वाराही पुरेसा असतो. छोटी दुर्बीण दोन-अडीच किलोची, कॅमेरा धरूनही पाच किलो वजन पेलणाऱ्या ट्रॅकरवर (छोट्या, हलक्या माउंटवर) चालते आणि एका पाठपिशवीत मावते. शिवाय आरशांचं संरेखन करत बसावं लागत नाही. नवख्याला पहिल्याच रात्री फोटो मिळणं मला फार महत्त्वाचं वाटतं. नाहीतर दुसरी रात्र उजाडतच नाही.

महाराष्ट्रातल्यांसाठी एक खास गोष्ट. ध्रुवतारा आपल्या अक्षांशाइतकाच वर असतो, पुण्यात साडेअठरा अंश. उत्तरेला चार मजली इमारत असली की तो दिसत नाही आणि माउंटचा अक्ष ध्रुवाच्या दिशेने लावणं अवघड होतं. उचलून दुसऱ्या गच्चीवर नेता येईल असं साहित्य इथे कामी येतं.

शहराच्या उजेडाबद्दल: तो दोन्ही दुर्बिणींना सारखाच छळतो. मृगासारख्या तेजोमेघांचा प्रकाश मुख्यतः ठरावीक तरंगलांबींवर येतो, हायड्रोजनचा ६५६.३ आणि ऑक्सिजनचा ५००.७ नॅनोमीटरला. तेवढंच सोडणारं फिल्टर लावून शहरातूनही चांगलं काम होतं. दीर्घिकांना मात्र हा उपाय चालत नाही, त्यांच्यासाठी गावाबाहेरच जावं लागतं. एकेक मिनिटाची १२० एक्सपोजर घेऊन स्टॅक केली, म्हणजे सॉफ्टवेअरने एकावर एक रचून त्यांची सरासरी काढली, तर एका फोटोच्या तुलनेत नॉइज (फोटोतले दाणे) सुमारे अकरा पटींनी कमी होतो.

आणि ‘खेळणं’? अमेरिकेतल्या लिक वेधशाळेत १८८८ साली ३६ इंची अपवर्तक (लेन्सची दुर्बीण) बसला, त्या काळी जगातला सर्वांत मोठा. तरीही तिथेच १८८९ मध्ये खगोलशास्त्रज्ञ बर्नार्ड यांनी आकाशगंगेचे प्रसिद्ध फोटो घेतले ते सहा इंची लेन्सने, जी मुळात माणसांचे फोटो काढायला बनवली होती. विस्तीर्ण आकाश महाकाय दुर्बिणीत मावत नव्हतं. अलीकडचं उदाहरण मला त्याहून भारी वाटतं. २०२२ मध्ये फ्रान्समधून हौशी छायाचित्रकार यान सँटी यांनी १०६ मिमीच्या अपवर्तकाने देवयानीचे शंभराहून जास्त तास फोटो घेतले. त्यात दीर्घिकेशेजारी ऑक्सिजनच्या प्रकाशाची एक लांब कमान निघाली, जी आधी कुणालाच दिसली नव्हती. जगात सर्वाधिक फोटो निघालेल्या दीर्घिकेशेजारी!

संदेशातलं एक मात्र मान्य. गुरू-शनीचे तपशीलवार फोटो हवे असतील तर छोटी दुर्बीण पुरत नाही. गुरूची चकती वरच्या हिशोबाने वीसेक पिक्सेलांची येते. तिथे मोठा व्यास लागतोच. आणि छोटी घेतानाही साध्या काचेची अ‍ॅक्रोमॅट नको, तिच्यात तेजस्वी ताऱ्यांभोवती निळी-जांभळी झालर येते. रंगांची झालर कमी करणाऱ्या ईडी काचेची घ्या, सोबत फील्ड फ्लॅटनर (चौकटीच्या कडाही स्पष्ट करणारी जोडलेन्स) घ्या, नाहीतर कडेचे तारे लांबट येतील.

दिवाळीच्या अमावास्येला फटाक्यांचा धूर असतो. तिच्यानंतरच्या कार्तिक अमावास्येच्या आसपास, रात्री आठ-नऊच्या सुमाराला देवयानी पुण्यातून पाहताना उत्तरेला ६७ अंश उंचीवर येते. पहिल्या फोटोसाठी तीच वेळ धरा. दव पडेल, लेन्सभोवती गुंडाळायचा हीटर आणि भरलेली पॉवरबँक सोबत ठेवा.