ख्रिस्ती माणसाने दारू प्यावी का? उत्तर थोडं लांब आहे

दर महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी इनबॉक्समध्ये हा प्रश्न टाकतं. बहुतेकांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, त्यावर फक्त एखाद्या वचनाचा शिक्का हवा असतो. पिणाऱ्याला काना गावचं लग्न हवं असतं, जिथे येशूने पाण्याचा द्राक्षारस, म्हणजे वाइन केली; न पिणाऱ्याला नीतिसूत्रांचा तेविसावा अध्याय, जो दारूपासून सावध करतो.

मी पीत नाही. हे आधीच सांगून टाकतो.

पण मी पीत नाही म्हणून बायबल वाकवणार नाही. संडे स्कूलमध्ये आम्हाला शिकवलं होतं की काना गावी येशूने केला तो ताजा, न आंबलेला रस होता. बरीच वर्षं मी ते मानलं. मग एकदा योहानाचा दुसरा अध्याय सावकाश वाचला. भोजनकारभारी वराला बोलावून म्हणतो, लोक चांगला द्राक्षारस आधी वाढतात आणि मंडळी भरपूर प्याल्यावर हलका काढतात, तू मात्र चांगला आतापर्यंत राखून ठेवलास. आता सांगा, नुसता रस पिऊन कुणाला चांगलं-वाईट कळेनासं होतं? आणि रांजण सहा, दगडाचे. सगळ्यांचा हिशेब केला तर साडेचारशे लिटरच्या वर जातो. लग्नघरात इतका! मला तर तो आकडा वाचून हसूच आलं होतं.

शिवाय द्राक्षाचा रस ठेवला की आपोआप आंबतो. तो रसच राहावा यासाठी काहीतरी करावं लागतं, आणि ते करणारा माणूस माहीत आहे. थॉमस वेल्च, अमेरिकेतल्या न्यू जर्सीचे डेंटिस्ट, पंथाने मेथडिस्ट. १८६९ साली त्यांनी पाश्चरची, तापवून आंबणं थांबवण्याची पद्धत द्राक्षाच्या रसावर वापरली, का तर प्रभुभोजनात, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीत, दारू नको. हेतू चांगलाच होता. पण १८६९ची बाटली उचलून पहिल्या शतकातल्या मेजावर ठेवायची नाही. करिंथ शहरातल्या मंडळीला प्रेषित पौल आपल्या पत्रात झापतो ते काय म्हणून? प्रभुभोजनाला एक उपाशी बसतो आणि दुसऱ्याला चढलेली असते म्हणून.

आता दुसऱ्या बाजूचे लोक खूश झाले असतील. थांबा जरा. त्या काळी द्राक्षारसात पाणी मिसळून पिण्याची सर्रास रीत होती, आणि ऊर्ध्वपातन करून काढलेली कडक दारू तेव्हा नव्हतीच. त्यामुळे कानाचा दाखला देऊन कुणी व्हिस्की ओतायला लागलं की मला गंमत वाटते. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पौलाने पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हटलं, तेही सगळ्यांना पाठ असतं. ‘थोडा’ हा शब्द तेवढा कुणाच्या लक्षात राहत नाही. औषध म्हणून घेणाऱ्यांसाठी आणखी एक: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच दारूला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात, म्हणजे नक्की कर्करोग करणाऱ्यांत टाकलंय.

दोन्हीकडे आपलीच माणसं आहेत, हेही कबूल करायला हवं. प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर, त्याची बायको कॅथरीना घरी बिअर बनवायची. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती पंथाचा सैनिक, म्हणजे सभासद होताना दारू सोडण्याची शपथ घ्यावी लागते. मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो तो सहाव्या शतकातला बेनेडिक्ट. मठवासीयांसाठी नियम लिहिताना तो म्हणतो, द्राक्षारस साधूंसाठी नव्हेच असं आम्ही वाचतो, पण आमच्या काळच्या साधूंना ते पटत नाही, तर निदान पोटभर न पिता बेताने पिऊ या. मग रोजचं माप ठरवून देतो. आणि ज्याला न पिण्याचं बळ देवाने दिलंय त्याला वेगळं प्रतिफळ मिळेल, असंही लिहितो. ना आव आणलाय, ना आरडाओरडा.

तर ‘पिणं पाप आहे का’ याचं माझं उत्तर: नाही. झिंगणं पाप आहे, इफिसकरांच्या पत्रात ते सरळ लिहिलंय. पण मी तिथे थांबू शकत नाही, कारण रोमकरांचा चौदावा अध्याय तिथे थांबत नाही. पौल म्हणतो, तुझ्या भावाला अडखळण होत असेल तर मांस न खाणं आणि द्राक्षारस न पिणं चांगलं. तो पेल्यात काय आहे ते बघतच नाही, शेजारी कोण बसलंय ते बघतो.

आणि शेजारी कोण बसलंय हेच आपल्याला माहीत नसतं. कारण आपण दारूविरुद्ध इतके जोरात बोलतो की ज्याला ती सुटत नाही तो आपल्यासमोर तोंड उघडत नाही. बऱ्याच ठिकाणी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणाऱ्या गटाच्या मीटिंग चर्चच्याच इमारतीत होतात. तोच माणूस रविवारी म्हणतो, “सगळं ठीक, प्रभूची कृपा.” मंगळवारी त्याच छताखाली उभा राहून म्हणतो, “मी दारुडा आहे.” खरं बोलायला त्याला मंगळवार लागतो.

माझ्या एका मित्राची गोष्ट सांगतो, त्याला विचारूनच सांगतोय. दारू सोडून त्याला अकरा महिने झाले होते. प्रभुभोजनाला माझ्या शेजारी बसला होता. भाकर घेतली. मग पेला फिरत आला, एकच मोठा पेला, खऱ्या द्राक्षारसाचा. त्याने तो हातात घेतला, ओठांपर्यंतही नेला नाही, तसाच माझ्याकडे सरकवला. मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, “घ्या की, प्रभूचं रक्त आहे.” तो उठून बाजूच्या दाराने निघून गेला. मी पेला हातात धरून बसून राहिलो आणि प्यालो. अजून ते मला खुपतं.

बाहेर तो पायरीवर बसला होता. म्हणाला, “वास आला रे. बाकी काही नाही.”

मी पाळकसाहेबांकडे गेलो. कमिटी बसली. दोन तास चर्चा झाली, मूळ ग्रीक शब्दापासून सगळं निघालं. रोमन कॅथलिकांकडे द्राक्षारस झेपत नसलेल्या धर्मगुरूला परवानगीने जवळपास न आंबलेला रस वापरता येतो, हे मी सांगितलं तर एक काका म्हणाले, “आपण कॅथलिक नाही.” पण त्या माणसाचं काय, हे दीड तास कुणीच विचारलं नाही. शेवटी एका मावशींनी विचारलं. त्या कधी कमिटीत बोलत नाहीत.

आता एका मोठ्या पेल्याऐवजी छोट्या पेल्यांचं तबक फिरतं. तबकातल्या बाहेरच्या रांगांत द्राक्षारस, मधल्या रांगेत न आंबलेला रस. कोण कुठून घेतं याकडे कुणी बघायचं नाही असं ठरलंय, तरी काही जण बघतातच. तो मधल्या रांगेतून घेतो. मीही तिथूनच घेतो.