मालक घरातच हवा? अहो, तो नियम न्यूयॉर्कचा!

जुळे सोलापूरच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘घर रोजावर द्यायचं तर पाहुणे असेपर्यंत मालकाने त्याच घरात राहणं कायद्याने सक्तीचं आहे. सगळ्या जगात हेच चालतं. नुसता फोनवर असून भागत नाही. नाहीतर घर सील.’ शेजारच्या मावशींनी तो वाचला आणि वरच्या मजल्याचं बुकिंग बंद करून टाकलं. तेही गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या तोंडावर!

‘कायद्याने सक्तीचं.’ आहे की, न्यूयॉर्क शहरात. सप्टेंबर २०२३ पासून तिथे ३० दिवसांच्या आतल्या मुक्कामासाठी घराची नोंदणी लागते, यजमान स्वतः तिथे लागतो आणि पाहुणे जास्तीत जास्त दोन. कुणीतरी हडसन नदी थेट सिद्धेश्वर तलावात आणून सोडली आहे.

‘सगळ्या जगात हेच.’ त्याच अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोत मालकाने वर्षातल्या किमान २७५ रात्री त्या घरात राहायचं असतं. पण तो नसतानाही वर्षाला ९० रात्रींपर्यंत घर पाहुण्यांना देता येतं. तिकडच्या इतर कित्येक गावांत मालक नसला तरी चालतो, फक्त रात्री-अपरात्री फोन उचलणारा आणि लवकर पोचणारा गावातला माणूस नेमून द्यावा लागतो.

आता मेसेजमध्ये तथ्याचा जो कण आहे, तोही सांगतो. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या होमस्टे योजनेत मालक कुटुंबासह त्याच घरात राहणारा असावा अशी अट आहे, खोल्या १ ते ६. पण ती योजना ऐच्छिक आहे. ज्याला तो दर्जा हवा, त्याने अट पाळायची. शिवाय ‘तिथे राहणारा’ म्हणजे चोवीस तास उंबऱ्यावर बसलेला नव्हे. मालक भाजी आणायला जाऊ शकतो.

‘नुसता फोनवर असून भागत नाही.’ हे मात्र अर्धं खरं आहे, कायद्यापेक्षा सोलापूरमुळे जास्त. मुंबईची वंदे भारत इथे पोचते रात्री साडेदहानंतर. अक्कलकोट-तुळजापूर करायला निघालेलं कुटुंब, कडेवर झोपलेलं पोर, आणि कुलपात अडकलेली किल्ली. पुण्यात बसलेल्या मालकाने फोनवर ‘जरा जोर लावून फिरवा’ म्हणून काय होणार? त्यात आपल्याकडे पाणी येणार काही दिवसांआड. वरची टाकी संपली, मोटरीचं बटण कुठंय ते पाहुण्याला माहीत नाही, आणि सकाळी सहाला आंघोळ करून देवाला निघायचंय. तिथे दहा मिनिटांत येणारा माणूसच लागतो. पाहुणा परदेशी पासपोर्टवाला असेल, मग तो मूळचा इथलाच का असेना, तर २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारी पोर्टलवर भरावी लागते. ते काम मालकाला ऑनलाइन करता येतं, त्यासाठी पाहुण्याच्या उशाशी मुक्काम ठोकावा लागत नाही. भाडेकरूंची माहिती ठाण्यात देण्याचे पोलिसांचे आदेशही अधूनमधून निघतात, त्यातली वाक्यं मात्र नीट वाचावीत.

राहिलं ‘घर सील’. कुठल्या कलमाखाली, कोण करणार, मेसेजमध्ये एक अक्षर नाही.

आणि मावशी? त्या खालच्याच मजल्यावर राहतात! बुकिंग परत सुरू झालंय. वरच्या दारामागे आता एक कागद चिकटवलाय : मावशींचा नंबर, भाच्याचा नंबर, मोटरीचं बटण जिन्याखाली.