विल्यमला विसरलात की!

‘द अमेरिकन्स’ या अमेरिकेत लपून राहणाऱ्या सोव्हिएत हेरांवरच्या मालिकेतली दुय्यम पात्रं विग आणि मेकअपच्या जोरावर खपून जातात, हे लेखातलं म्हणणं पटलं नाही. चौथ्या सीझनमधला हेर विल्यम बघा. घातक जंतूंच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं खरीखुरी नोकरी, वर हा तुसडा स्वभाव. कोण कशाला चौकशीला जाईल? बायकोसुद्धा मॉस्कोने नेमून दिलेली. पटेना म्हणून तिला परत बोलावलं, मग हा आणखीच एकटा. आमच्या घरी मात्र चर्चा नायक फिलिपच्या विगांचीच!

२०१० मध्ये अमेरिकेत पकडलेले १० रशियन हेर तरी कुठे वेशांतर करून फिरत होते? न्यू जर्सीतल्या जोडप्याचं तर घर कोणाच्या नावावर घ्यायचं यावरून मॉस्कोशी वाजलं होतं.