जॅक कुणाचा?

दिवाळीच्या आधी माळा झाडताना फुटक्या घागरीमागं एक लोखंडी धूड सापडलं. हातभर उंच, वंगण वाळून काळं ठिक्कर, मधोमध आट्यांचा रॉड आणि बाजूला अंगठ्याएवढी जाड खुंटी. मोटारीचा जुना जॅक, एवढं मलाही कळलं. पण आमच्या घरात मोटार कधी नव्हतीच. आजोबांची बैलगाडी, वडिलांची सायकल. बैलगाडीला जॅक लागत नाही, चार माणसं आणि एक सणसणीत शिवी पुरते.

"भंगारात घाल," आई म्हणाली. रविवार होता, पाहुणे जेवायला होते आणि पांढऱ्या रश्श्यासाठी ती तिच्या नेहमीच्या लोखंडी कांबीनं नारळ फोडत होती.

मी जॅक पोत्यात घालून आमच्या कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर नेला. तिथं म्हैस समोर पिळून धारोष्ण दूध देतात आणि मतं फुकट.

"भावा, ह्यो मेबॅकचा!" फेसाळ मिशा पुसत एकानं निकाल दिला. "दसऱ्याला चौकात येती बघ, छत्रपतींची. त्याच गाडीचा."

"तो आमच्या माळ्यावर कसा येईल?"

"ते तुझं तू बघ. चोरीचा माल आमच्यात आणू नको."

दुसऱ्यानं तो मिलिटरीच्या जीपचा ठरवला, तिसऱ्यानं उसाच्या ट्रॉलीचा. मग तिघांचं आपापसात जुंपलं आणि जॅक बाजूलाच राहिला. एका म्हशीनं तेवढा हुंगून बघितला आणि मत राखून ठेवलं. कट्ट्यावरची सगळ्यात समंजस तीच.

शेवटी उद्यमनगर. लेथवरच्या मिस्त्रींनी एक शब्द न बोलता जॅक रॉकेलच्या डब्यात बुडवला, तारेच्या ब्रशनं घासला आणि चष्मा कपाळावर चढवून आट्यांवरून नख फिरवलं.

"चौरस आटे. वजन उचलायचं म्हटल्यावर असलेच लागतात. आणि हितं बघा, डोक्यावर वाटी असती तर ॲक्सलखाली सारायचा म्हटलं असतं. ह्याला खुंटी हाय. ही दाराखालच्या नळीत जाती आणि गाडी एका कुशीवर हुती. फियाट असणार."

"पद्मिनी?"

"पद्मिनी नाव १९७४ ला पडलं. मुळात ती फियाट ११००. बिऱ्हाड तेच, पाटी बदलली."

शेजारच्या गॅरेजात एक पद्मिनी उभी होती, मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. खुंटी नळीत खटकन बसली. फिरवायची टामी नव्हती, म्हणून पाना लावला. मी घामाघूम होईपर्यंत गाडी चार बोटं उचलली, कोंबडीनं एकदा वळून माझ्याकडं बघितलं. दमून हात सोडला आणि डोळे मिटले. गाडी जागची हलली नाही.

"आट्यांचा चढच इतका कमी, की ओझ्यानं ते उलटं फिरत न्हाईत," मिस्त्री म्हणाले. "उघडा डोळं."

खुशीत घरी आलो. शेजारचे तात्या कट्ट्यावर ऊन खात बसले होते. वय चौऱ्याऐंशी. मी जॅक पुढं ठेवून फियाटचा सगळा इतिहास ऐकवला. त्यांनी तो ऐकला की नाही, देव जाणे. जॅक आडवा करून ते बूड बघत होते. तिथं पंचनं ठोकलेले तीन ठिपके.

"हे मी मारलेत," तात्या म्हणाले.

"म्हणजे?"

"तुझ्या बारशाला आलेल्या पाहुण्यांची गाडी पंक्चर झाली. तुझा बाप म्हणाला, तात्या, रातच्यापुरता द्या. पुढं फियाट विकली तेव्हा जॅक नाही म्हणून गिऱ्हाइकानं पन्नास रुपये कापले माझे."

माझं आता सत्तेचाळीसावं चालू आहे.

"चुकलंच तात्या. हा घ्या तुमचा जॅक."

त्यांनी तो मांडीवर घेतला, रॉडवरून हात फिरवला, मग भोकात बोट घालून बघितलं.

"आणि ह्याची टामी? हातभर लांब, एका टोकाला वाकडी?"

आमच्या स्वयंपाकघरात दुसरा नारळ फुटत होता. ठक्. ठक्.