मुलींच्या अपेक्षा वाढल्या म्हणे!

आमच्या भावकीच्या ग्रुपवर तो मेसेज परत आला. कुणी लिहिलाय देव जाणे, पण दर लग्नसराईला येतो आणि खाली वीस अंगठे पडतात. थोडक्यात असा: 'शेतकऱ्याच्या पोरांची लग्नं होत नाहीत कारण मुलींच्या अपेक्षा गगनाला भिडल्यात. शिकल्या आणि डोक्यात हवा गेली. पुण्यात फ्लॅट पाहिजे, सासू-सासरे नकोत, शेती पाहिजे पण शेतकरी नको. आता सगळं मुलींचंच राज्य.' शेवटी हात जोडलेले, पुढे पाठवा.

मी दरवेळी गप्प बसते. यावेळी नाही बसले, कारण पाठवणारे आमचे आबाच होते, म्हणजे माझे चुलते, आणि त्यांचा मुलगा, माझा चुलत भाऊ, चौतीस वर्षांचा, मोहोळ तालुक्यात पाच एकर, डाळिंब, निर्व्यसनी, गेली सहा वर्षं स्थळं बघतोय. त्याचं दुःख मला कळतं. पण दुखणं एक आणि औषध भलतंच चाललंय.

पहिलं म्हणजे अपेक्षांच्या आधी आकडे बघा की जरा. जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर १००० मुलांमागं किती मुली ते मोजतात. महाराष्ट्रात १९९१ ला ९४६ होत्या, २००१ ला ९१३, २०११ ला ८९४. कुणी हात लावला नाही तर हा आकडा साधारण ९५० च्या आसपास राहतो. २००१ ला ज्या पोरी सहाच्या आत होत्या त्या आज पंचविशी-तिशीत आहेत, म्हणजे आपण ज्यांच्या घरी पोहे खायला जातो त्याच. आणि तेव्हाचे जिल्हे बघा, कोल्हापूर ८३९, सांगली ८५१. हे काय उपाशी जिल्हे नाहीत, ऊस, कारखाने, दूधसंघ असलेला सगळ्यात खातापिता पट्टा आहे. पोटात मुलगी आहे का बघायच्या सोनोग्राफीला पैसे लागायचे आणि ते तिथं होते. बीडचा आकडा २०११ ला ८०७ वर आला. त्या पोरी आत्ता कुठं कॉलेजच्या वयात येतायत, त्यामुळं खरी पंचाईत अजून पुढंच आहे. शिवाय यंदा ज्यांचं जमलं नाही ते काय गायब होत नाहीत, पुढच्या वर्षी नव्या पोरांबरोबर त्याच रांगेत उभे राहतात आणि रांग वाढतच जाते.

गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ ला आपल्याच राज्यात झाला, केंद्राचा १९९४ ला आला. म्हणजे माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये. जी जन्मलीच नाही तिच्या अपेक्षा कशा वाढतील, हा माझा ग्रुपवरचा पहिला प्रश्न होता आणि त्याला एकही अंगठा आला नाही.

गंमत म्हणजे हे स्वतः नवरदेवांना कळलंय. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमलेल्या पोरांनी बाशिंगं बांधून, घोड्यावर बसून, बँड लावून कलेक्टर ऑफिसवर मोर्चा काढला होता. सगळ्यांनी व्हिडिओ बघून हसून घेतलं. पण त्यांच्या निवेदनात काय होतं? गर्भलिंग तपासणीचा कायदा कडक राबवा, हे होतं! ते कुणी फॉरवर्ड केलं नाही.

आता 'शेती पाहिजे पण शेतकरी नको'. ऐकायला झणझणीत आहे, मान्य. त्या मोर्चानंतर दोनच महिन्यांनी बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला त्याच सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकून हातात आला २ रुपयांचा चेक. दोन हजार नाही, दोन. अशा धंद्यात आपली पोरगी द्यायला बाप कचरला तर तो लोभी झाला का? राज्यात सरासरी जमीनधारणा १९७०-७१ ला ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ ला १.३४ वर आली, म्हणजे साडेदहा एकराचे सव्वातीन एकर. वाटण्या होत होत तुकडे राहिले. मग लोक म्हणतात बागायतदाराला नकार आणि शिपायाला होकार, हा काय न्याय. अहो न्याय नाही, पण एक तारखेला पगार येतो ही खात्री आहे. डाळिंबावर तेल्या रोग आला की आमच्या घरी वर्ष जातं, हे आबांना माझ्यापेक्षा जास्त माहितीय.

आणि ही अपेक्षा मुलींनी काढलेली नाही. मुलगी आपल्यापेक्षा वरच्या घरात द्यायची, ही आपलीच जुनी रीत आहे. आबांनी स्वतःची मुलगी कुठं दिली? चाकणला, कंपनीत कायम असलेल्या मुलाला. शेतकऱ्याची तीन स्थळं आली होती, तिन्ही 'पत्रिका जुळत नाही' म्हणून परत पाठवली. मी तेव्हा तिथंच होते, पत्रिका कुणी उघडली पण नव्हती.

सी. राइट मिल्स नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९५९ मध्ये हे सोपं करून सांगितलंय. एक लाख वस्तीच्या गावात एकच माणूस बेकार असेल तर त्याचा स्वभाव, त्याचं कसब बघा, पण पाच कोटी कामगारांच्या देशात दीड कोटी बेकार असतील तर स्वभाव बघून काय होणार, तो प्रश्न सगळ्या व्यवस्थेचा. एका गावात चाळीस-पन्नास पोरं बिनलग्नाची असतील तर पन्नास घरच्या पन्नास पोरी एकदम कशा काय बिघडल्या?

सासू-सासरे नकोत म्हणे. मागच्या वर्षी एका मुलीकडचे लोक आमच्याकडं घर बघायला आले तेव्हा मी होते. मुलीची आई चहा पिता पिता उठली, मागच्या दारी गेली, नळाला हात लावून बघितला, कोरडा. काकूला विचारलं, पाणी कुठनं आणता? काकू म्हणाली मोटारीवरनं, लाईट रात्री असते ना, दोनला उठून भरते. गोठ्यात पाच जनावरं, त्यांची धार पहाटे. ती बाई काहीच बोलली नाही, फक्त काकूच्या हाताकडं बघत राहिली. चार दिवसांनी नकार आला आणि घरात सगळे म्हणाले, आईनं मोडलं, आजकाल आयाच फार शहाण्या झाल्यात. मला तर ती बाई तिथं बसलेली सगळ्यात शहाणी वाटली. पोरीला नवरा नको होता असं नाही, तिला काकूची जागा नको होती. आणि इतकं राबून सातबाऱ्यावर काकूचं नाव कुठंय? शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीत बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून गावोगाव सांगितलं होतं, आबा तेव्हा बिल्ला लावून फिरायचे. बिल्ला आहे अजून कपाटात.

'आता मुलींचंच राज्य' याला तर बीडच पुरे. मुली कमी झाल्या म्हणजे त्यांचा भाव वधारायला पाहिजे ना, बाजाराचा नियम! झालं उलटं. तिथली कुटुंबं ऊसतोडीला जातात, त्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, जोडीला देतो, एकट्या पोराला अर्धा कोयता. मग कोयता पुरा करायला पोराचं लग्न, आणि पोरगी वस्तीवर एकटी कुणाच्या भरवशावर ठेवायची म्हणून तिचंही, पंधराव्या-सोळाव्या वर्षीच. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यात २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, बीडमध्ये प्रमाण याच्या जवळपास दुप्पट. हे राज्य कुठल्या राणीचं?

शिकून बिघडल्या, यावर वेळ घालवत नाही. पोरगाही बी.एस्सी. आहे, तो नाही बिघडला.

एवढं सगळं लिहून टाकलं तर आबांचा फोन आला. रागावले नव्हते, थकल्यासारखे वाटले. म्हणाले, तुझं खरंय बाई, पण आता पोराचं काय करू ते सांग. मी म्हटलं, बायोडाटा पाठवा, नीट टाईप करून देते. आला. त्यात खाली अपेक्षा असा रकाना होता: गोरी, उंची पाच फूट तीन, शिकलेली, शेतीची आवड, घर सांभाळणारी, स्वजातीय. सहा अपेक्षा. मी विचारलं, आबा, निदान शेवटची काढू का, स्थळांचा आकडा थोडा तरी वाढेल. भाऊ मागनं बोलला, काढ की. आबा जरा वेळ गप्प, मग म्हणाले, राहू दे, भावकीच्या ग्रुपवर टाकायचाय ना.